चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात थेट रुग्णांना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांकडे राहून आलेले आईवडील परतल्यावर एक गोष्ट हमखास सांगतात: तिथे बातम्या लावल्या की मधल्या वेळेत औषधांच्याच जाहिराती. सर्दी-खोकल्याच्या गोळ्या किंवा बाम नव्हेत, तर संधिवात, मधुमेह, सोरायसिस, नैराश्य, कर्करोग यांवरची, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशी औषधं. हे चांगलं की वाईट, आणि आपल्याकडे असं का नाही, हे प्रश्न त्यातूनच येतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. माझं मत जिथे आहे तिथे ते मत म्हणूनच मांडलं आहे.

थेट रुग्णांना जाहिरात म्हणजे नेमकं काय?

औषध कंपन्या दोन ठिकाणी प्रचार करतात. एक डॉक्टरांकडे: एमआर म्हणजे कंपनीचे प्रतिनिधी येतात, नमुन्याच्या गोळ्या देतात, परिषदा भरवतात. हे जगभर चालतं. दुसरा प्रचार सरळ रुग्णाकडे, म्हणजे टीव्ही, मासिकं आणि फोनवर. औषधाचं नाव घ्यायचं, ते कोणत्या आजारावर आहे ते सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, ‘हे औषध तुमच्यासाठी योग्य आहे का, डॉक्टरांना विचारा.’ या पानावर दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिलं आहे.

यात एक अडचण मुळातच आहे. जो जाहिरात पाहतो तो औषध निवडत नाही, जो निवडतो तो त्याचे पैसे देत नाही, आणि अमेरिकेत बहुतेक वेळा पैसे देते ती विमा कंपनी किंवा सरकारी योजना. साबणाची जाहिरात फसवी निघाली तर गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात दुसरा साबण घेतं. औषधाचा परिणाम मात्र रुग्णाला स्वतः तपासून पाहता येत नाही. आला नाही तो हार्ट अटॅक गोळीमुळे आला नाही की एरवीही आला नसता, हे त्याला कसं कळणार?

हे कोणत्या देशांत चालतं?

श्रीमंत देशांपैकी फक्त अमेरिका आणि न्यूझीलंड या दोन देशांत अशा जाहिरातींना पूर्ण मोकळीक आहे. न्यूझीलंडमध्ये हे मुद्दाम ठरवून झालं नाही, १९८१ च्या औषध कायद्याने मनाई केली नव्हती म्हणून सुरू झालं. तिथल्या वैद्यकीय शाखांच्या प्राध्यापकांनी २००३ मध्ये अहवाल काढून बंदी मागितली होती, ती आजही आलेली नाही. युरोपीय संघात २००१ च्या निर्देशानुसार चिठ्ठीवरच्या औषधांची लोकांसमोर जाहिरात करता येत नाही. एड्स, मधुमेह आणि दमा एवढ्या तीन आजारांपुरती सवलत द्यावी असा प्रस्ताव २००१ मध्ये आला होता. युरोपीय संसदेने २००२ मध्ये तो मोठ्या बहुमताने फेटाळला. भारताबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

अमेरिकेत हे कधीपासून सुरू झालं?

चिठ्ठीवरच्या औषधांच्या जाहिरातींवरची देखरेख १९६२ च्या कायद्याने एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न व औषध नियामक संस्थेकडे आली. तेव्हा या जाहिराती डॉक्टरांच्या नियतकालिकांत छापल्या जात, त्यामुळे नियमही डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवूनच झाले. फायद्याइतकेच धोकेही सांगायचे आणि सगळ्या दुष्परिणामांचा सारांश छापायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्या सामान्य वाचकांकडे वळल्या. हे काय चाललंय ते समजून घेण्यासाठी एफडीएने काही काळ थांबायची विनंती केली, आणि १९८५ मध्ये ती मागे घेतली.

तरी टीव्हीवर अडचण राहिलीच. एवढा सारांश एका मिनिटात वाचून दाखवणार कसा? म्हणून १९९० च्या दशकात अशा जाहिराती दिसत की ज्यात औषधाचं नाव असे, पण ते कशावर आहे याचा पत्ता नसे. आजाराचं नाव घेतलं नाही, तर धोके सांगण्याची सक्ती लागू होत नसे. ऑगस्ट १९९७ मध्ये एफडीएने मार्गदर्शक सूचना काढून वाट मोकळी केली: मुख्य धोके बोलून दाखवा, बाकी माहितीसाठी टोल-फ्री नंबर, वेबसाइट किंवा छापील जाहिरात सांगा आणि डॉक्टरांचा हवाला द्या. त्यानंतर बांध फुटला. चिठ्ठीवरच्या औषधांच्या ग्राहक-जाहिरातींवर १९९७ मध्ये १३० कोटी डॉलर खर्च झाले होते, २०१६ मध्ये ६०० कोटी. जाहिरातींची संख्या ७९ हजारांवरून ४६ लाखांवर गेली, त्यांत टीव्हीवरच्याच ६ लाख ६३ हजार.

अशी जाहिरात असते तरी कशी?

एक मिनिटाची गोष्ट असते. पहिल्या काही सेकंदांत साठीची बाई खुर्चीतून उठताना गुडघा धरते, चेहरा ओढलेला, रंग करडे. मग औषधाचं नाव येतं आणि रंग उजळतात. ती बाजारात भाजी निवडते, नातवाला उचलते, कुत्र्याला घेऊन तळ्याकाठी चालते. याच वेळी मागून एक गोड, एका लयीतला आवाज सांगत असतो: गंभीर संसर्ग होऊ शकतो, काही रुग्णांना लिम्फोमा हा कर्करोग झाला आहे, क्षयरोगाची तपासणी करून घ्या, यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा. कान ‘क्षयरोग’ ऐकतात, डोळे नातू पाहतात. दोन्ही एकदम आले की डोळे जिंकतात.

म्हणून ‘पण धोके तर सांगतात ना?’ या युक्तिवादाला मी फार किंमत देत नाही. सांगणं आणि पोचणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखायला जाहिरात बनवणारे पैसे घेतात.

जाहिरात पाहून रुग्णाने औषध मागितलं तर डॉक्टर खरंच लिहून देतात का?

देतात. याचा सगळ्यात नेटका पुरावा २००५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या १५२ डॉक्टरांकडे प्रशिक्षित अभिनेत्री रुग्ण बनून गेल्या, एकूण २९८ भेटी झाल्या. अशी कोणीतरी येईल एवढं डॉक्टरांना माहीत होतं आणि त्यांनी संमतीही दिली होती, पण कोण येणार हे ठाऊक नव्हतं. काही ‘रुग्णां’ना खऱ्या नैराश्याची लक्षणं दिली होती. काहींना फक्त आयुष्यातल्या एखाद्या ताणाने आलेली उदासी दिली होती, जिथे गोळीची गरज सहसा नसते. काहींनी टीव्हीवर पाहिलेल्या औषधाचं नाव घेऊन ते मागितलं, काहींनी ‘काही औषध मिळेल का’ एवढंच विचारलं, काहींनी काहीच मागितलं नाही.

साध्या उदासीच्या गटात काहीच न मागणाऱ्या १० टक्के जणींना नैराश्यावरचं औषध मिळालं. नाव घेऊन मागणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना मिळालं. लक्षणं तीच होती, बदललं ते रुग्णाच्या तोंडचं एक वाक्य.

मी हा अभ्यास पुन्हा पुन्हा सांगते, कारण त्यातले डॉक्टर आळशी किंवा लाचखाऊ नव्हते. समोर माणूस बसलेला आहे, पंधरा मिनिटं आहेत, त्याने काहीतरी मागितलं आहे आणि ‘नाही’ का म्हणतोय हे समजवायला त्यातली दहा जातील. आपल्याकडे ‘डॉक्टर, सलाईन लावा’ म्हणणाऱ्या पेशंटपुढे डॉक्टर जसे हात टेकतात, तसंच हे.

पण त्याच अभ्यासात जाहिरातीचा फायदाही दिसला, असं ऐकलंय?

खरं आहे, आणि ते लपवून चालणार नाही. खऱ्या नैराश्याची लक्षणं असूनही काहीच न मागणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनाच औषध मिळालं. नाव घेऊन मागणाऱ्यांना ५३ टक्के, आणि नाव न घेता ‘काही औषध आहे का’ विचारणाऱ्यांना सगळ्यात जास्त, ७६ टक्के. म्हणजे रुग्ण बोलला की उपचार सुटण्याची शक्यता कमी होते. नैराश्य, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी यांसारख्या ज्या आजारांबद्दल लोक लाजेने गप्प बसतात, तिथे टीव्हीवर उघड बोललं गेल्याने काही जण डॉक्टरांपर्यंत पोचले असणार.

मात्र ते शेवटचे आकडे पुन्हा बघा. ज्यांना औषधाची गरज होती, त्यांना बोलण्याचा फायदा झाला, ब्रँडचं नाव घेण्याचा नाही. नाव न घेता विचारणं जास्त उपयोगी ठरलं. रुग्णांनी बोलतं व्हावं हाच हेतू असेल, तर ते काम सरकारी आरोग्य मोहीमही करू शकते, आणि तिला कोणत्याच गोळीचा खप वाढवायचा नसतो.

सार्वजनिक आरोग्याचं सगळ्यात मोठं नुकसान कोणतं?

माझ्या मते, वेग. जाहिरात खोटी असते हा मुख्य आक्षेप नाही. पुष्कळ जाहिराती शब्दशः खऱ्या असतात. पण नवं औषध बाजारात येतं तेव्हा ते काही हजार लोकांवर, बहुधा काही महिने, तपासलेलं असतं. दर हजारात दोघा-तिघांना होणारा त्रास, किंवा दीड-दोन वर्षांनी उमटणारा त्रास, त्या चाचण्यांत दिसेलच असं नाही. तो दिसतो औषध हळूहळू वापरात येतं तेव्हा, डॉक्टर सावधपणे लिहितात आणि दुष्परिणाम कळवतात तेव्हा. या काळात औषध जितकं धिम्या गतीने पसरेल तितकं बरं. आणि जाहिरातीचा सगळा पैसा नेमका याच काळात ओतला जातो, कारण पेटंटची वर्षं तेव्हाच मोजायला लागलेली असतात.

व्हायॉक्सचं प्रकरण असंच घडलं.

व्हायॉक्सचं काय झालं?

व्हायॉक्स म्हणजे रोफेकॉक्सिब, मर्क कंपनीची वेदनाशामक गोळी. मे १९९९ मध्ये तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली. जुन्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, रक्तस्राव होतो. हिने तो कमी होतो, एवढाच तिचा खरा फायदा. वेदना ती जुन्या गोळ्यांहून जास्त कमी करत नव्हती. म्हणजे अल्सरचा धोका असलेल्या थोड्या रुग्णांसाठी हे औषध होतं.

पण तिची जाहिरात सगळ्यांसाठी होती. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती स्केटिंगपटू डोरोथी हॅमिल बर्फावर फिरताना दिसायची आणि पाहणाऱ्याला वाटायचं, सांधे पुन्हा असे चालतील. २००० साली एकट्या या गोळीच्या ग्राहक-जाहिरातींवर सुमारे १६ कोटी डॉलर खर्च झाले. त्या वर्षी पेप्सीनेही आपल्या पेयाच्या जाहिरातींवर इतका पैसा घातला नव्हता.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सुमारे ८ हजार रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. जुनी गोळी घेणाऱ्यांत ०.१ टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका आला होता, व्हायॉक्स घेणाऱ्यांत ०.४ टक्के. कंपनीचं म्हणणं, जुनी गोळीच हृदयाचं रक्षण करत असावी. सप्टेंबर २००१ मध्ये एफडीएने कंपनीला पत्र पाठवून सुनावलं की डॉक्टरांपुढच्या प्रचारात हा धोका कमी करून दाखवला जातोय. एप्रिल २००२ मध्ये माहितीपत्रकात तो लिहिला गेला. गोळी विकली जातच राहिली. शेवटी दुसऱ्या एका चाचणीत अठरा महिन्यांहून जास्त काळ गोळी घेणाऱ्यांत झटक्यांचं आणि पक्षाघाताचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं, आणि ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीने गोळी जगभरातून मागे घेतली. तोवर सुमारे दोन कोटी अमेरिकनांनी ती घेतली होती. त्याच वर्षी डिसेंबरात भारतानेही रोफेकॉक्सिबवर बंदी घातली.

एफडीएतलेच शास्त्रज्ञ डेव्हिड ग्रॅहॅम यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये सिनेटसमोर साक्ष दिली. या गोळीमुळे अमेरिकेत ८८ हजार ते १ लाख ३९ हजार जादा हृदयविकाराचे झटके किंवा आकस्मिक मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. कंपनीने तो मान्य केला नाही, पण २००७ मध्ये ४८५ कोटी डॉलर देऊन हजारो दाव्यांचा निपटारा केला.

जाहिरात नसती तर हे टळलं असतं का? पूर्ण नाही. डॉक्टरांकडचा प्रचारही जोरात होता. पण ज्यांना अल्सरचा धोकाच नव्हता, ज्यांचं साध्या गोळीने भागलं असतं, अशा लाखो लोकांपर्यंत ती इतक्या लवकर पोचली नसती. दोन कोटींतल्या त्या जादा लोकांचा हिशेब मला सगळ्यात बोचतो.

जाहिरातीमुळेच खप वाढतो, हे वेगळं करून दाखवता येतं का?

अवघड आहे, पण कॅनडात आपोआप एक प्रयोग घडला. कॅनडात अशा जाहिरातींना मनाई आहे, तरी अमेरिकन वाहिन्या तिथे दिसतात. इंग्रजी बोलणारे प्रांत त्या पाहतात, फ्रेंच बोलणारा क्वेबेक फारशा पाहत नाही. संशोधकांनी तीन औषधांचा खप दोन्हीकडे ताडून पाहिला आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. दोन औषधांत काही फरक दिसला नाही. आतड्याच्या तक्रारींवरचं झेलनॉर्म हे तिसरं औषध मात्र जाहिराती सुरू झाल्याबरोबर इंग्रजी प्रांतांत ४२ टक्क्यांनी जास्त लिहिलं जाऊ लागलं, आणि ती वाढ पुढे ओसरली.

म्हणजे जाहिरात दर वेळी चालतेच असं नाही. पण जिथे चालली ते औषध कोणतं होतं? हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्याच्या संशयावरून मार्च २००७ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री थांबवावी लागली.

जाहिरातीतला ‘३६ टक्के कमी धोका’ कसा वाचायचा?

हे उदाहरण खरं आहे. कोलेस्टेरॉलवरच्या लिपिटॉरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. खाली बारीक अक्षरांत: एका मोठ्या चाचणीत खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्या ३ टक्के लोकांना झटका आला, लिपिटॉर घेणाऱ्या २ टक्के लोकांना.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. दुसऱ्याचा अर्थ असा की शंभर जणांनी काही वर्षं रोज गोळी घेतली, तर त्यातल्या एकाचा झटका टळतो. उरलेल्या ९९ जणांपैकी ९७ जणांना गोळी न घेताही झटका आला नसता, आणि दोघांना घेऊनही आला. म्हणून स्टॅटिन, म्हणजे लिपिटॉरच्या गटातल्या गोळ्या, वाईट असं नाही. ज्याला आधीच एक झटका येऊन गेलाय त्याला फायदा यापेक्षा बराच जास्त असतो, आणि त्याने ती सोडू नये. पण निरोगी माणसाने ठरवायचं असेल तर त्याला ‘शंभरात एक’ हा आकडा हवा, आणि तो बारीक अक्षरांत असतो.

या औषधाच्या टीव्हीवरच्या जाहिरातींत कृत्रिम हृदयाशी नाव जोडलेले रॉबर्ट जार्विक सल्ला देताना दिसत. वैद्यकीय व्यवसायाचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, आणि नाव वल्हवतानाच्या दृश्यात त्यांच्याऐवजी दुसराच माणूस होता. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी सुरू केल्यावर फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने त्या जाहिराती थांबवल्या.

जाहिराती नवे आजार ‘बनवतात’ असं म्हणतात, ते कसं?

आजार हवेतून काढत नाहीत, त्याचं कुंपण सरकवतात. पन्नाशी-साठीत थकवा येणं, कामेच्छा कमी होणं, पोट सुटणं यात पूर्वी कोणी औषध शोधत नव्हतं. अमेरिकेत ‘लो टी’ अशा सुटसुटीत नावाने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी असल्याच्या जाहिराती सुरू झाल्या, घरबसल्या भरायच्या प्रश्नावल्या आल्या. तिथे हे संप्रेरक घेणारे २०१० मध्ये १३ लाख होते, २०१३ मध्ये २३ लाख झाले. २०१५ मध्ये एफडीएला सांगावं लागलं की निव्वळ वयामुळे कमी झालेल्या टेस्टोस्टेरॉनवर हे औषध किती उपयोगी आणि सुरक्षित हे सिद्ध झालेलं नाही. हृदयविकाराबद्दल तेव्हा जी भीती होती ती २०२३ च्या मोठ्या चाचणीने बरीच कमी केली. पण एवढ्या लोकांना त्याची गरज होती का, हा प्रश्न तिथेच उभा आहे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात एक जाहिरात आली: अफूजन्य वेदनाशामकं घेतल्याने होणाऱ्या बद्धकोष्ठतेबद्दल. त्याच काळात या वेदनाशामकांच्या अतिवापराने अमेरिकेत दर वर्षी हजारो माणसं मरत होती. व्हाइट हाउसच्या मुख्याधिकाऱ्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

जाहिरातींमुळे औषधं महाग होतात का?

किंमत जाहिरातीमुळेच वाढते असं म्हणता येणार नाही. पण पैसा कुठे वाहतो ते दिसतं. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत अमेरिकेत ५५३ औषधांच्या ग्राहक-जाहिरातींवर १,७८० कोटी डॉलर खर्च झाले. वृद्धांसाठीच्या सरकारी मेडिकेअर योजनेने या काळात औषधांवर ५६ हजार कोटी डॉलर मोजले, त्यातले ३२ हजार ४०० कोटी जाहिरात झालेल्या औषधांसाठी. स्वस्त जेनेरिक गोळीची जाहिरात करायला कोणी पैसे घालत नाही. टीव्हीवर दिसतं ते बहुधा नवं, पेटंट असलेलं, वर्षानुवर्षं घ्यायचं औषध. २०२३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात टीव्हीवर सर्वाधिक जाहिरात झालेली जी औषधं स्वतंत्र संस्थांनी तोलली होती, त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश आधीच्या उपचारांपेक्षा फारशी सरस नसल्याचं दिसलं. हे अपेक्षितच आहे. जे औषध खरोखर जीव वाचवतं, ते डॉक्टर जाहिरातीशिवायही लिहितात.

मग अमेरिका बंदी का घालत नाही?

अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती आड येते. १९७६ मध्ये व्हर्जिनियातल्या एका खटल्यात, जो योगायोगाने औषधांच्या किमतींच्या जाहिरातीबद्दलच होता, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी भाषणालाही अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने नोव्हेंबर २०१५ मध्ये बंदीची मागणी केली, तिचं पुढे काही झालं नाही. टीव्हीवरच्या जाहिरातीत औषधाची किंमत सांगावी, एवढा साधा नियम २०१९ मध्ये आणला, तोही लागू होण्याआधीच न्यायालयाने रद्द केला. सरकारला असा नियम करायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, असं कारण दिलं गेलं.

अलीकडे काही बदललं आहे का?

थोडंफार. टीव्ही आणि रेडिओवर धोके सोप्या भाषेत, सुस्पष्ट आणि लक्ष न विचलित करता सांगावेत, टीव्हीवर ते आवाजात आणि अक्षरांत एकाच वेळी यावेत, असा नियम २०२३ मध्ये झाला. कंपन्यांना त्यासाठी नोव्हेंबर २०२४ पर्यंत मुदत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर एफडीएने कंपन्यांना हजारो पत्रं पाठवली आणि १९९७ ची ती सवलत काढून घेण्याचा इरादा जाहीर केला. तसं झालं तर आजच्या स्वरूपातली एक मिनिटाची जाहिरात परवडणारच नाही. न्यायालयात ते टिकेल का, हा पुढचा भाग.

भारतात काय नियम आहेत?

आपल्याकडे अशा जाहिरातीला मनाई आहे, आणि ती बरीच जुनी आहे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. त्याच्या अनुसूचीत ५४ आजार आहेत: मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयरोग, लठ्ठपणा, मोतीबिंदू, पक्षाघात, अगदी उंची वाढवणंही. या आजारांवर अमुक औषध घ्या अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिलं होतं. १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला, पण औषधविक्रीची जाहिरात म्हणजे घटनेला अभिप्रेत असलेलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे, असं म्हटलं. एकाच प्रश्नावर दोन देशांची न्यायालयं अशी दोन वाटांनी गेली.

शिवाय शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या याद्यांमधल्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर डावीकडे उभी लाल रेघ आणि ‘आरएक्स’ अशी खूण दिसते ना, ती याच औषधांची.

पण नुसत्या बंदीवर समाधान मानू नये. मेडिकलमध्ये जाऊन ‘मागच्या वेळची ती ॲंटिबायोटिक द्या’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी चिठ्ठी न बघता पुडी बांधून मिळते. जाहिरात नसली तरी तोंडातोंडी आणि व्हॉट्सॲपवर औषधांची नावं फिरतातच.

मग आयुर्वेदाच्या नावाने ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं कसं छापून येतं?

१९५४ चा कायदा आयुर्वेदालाही लागू आहे. कमी पडते ती अंमलबजावणी. जाहिरातीआधी राज्याच्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, असा नियम क्रमांक १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला होता. २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना त्यावरून कारवाई करू नका असं कळवलं, आणि जुलै २०२४ मध्ये नियमच वगळला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध पतंजली या गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला ऑगस्ट २०२४ मध्ये स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघालं आणि ती स्थगितीही उठली. इन्सुलिन चालू असलेला माणूस अशी जाहिरात वाचून इन्सुलिन सोडतो तेव्हा काय होतं, हे कुठल्याही सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला विचारा. नियम जाणं मला धोकादायक वाटतं.

‘वजनाबद्दल डॉक्टरांशी बोला’ अशी जाहिरात दिसते, औषधाचं नाव नसतं. ती चालते?

आजाराची जागृती म्हणून ती चालवली जाते. वजन उतरवणारं मौंजारो हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, पाठोपाठ जूनमध्ये वेगोवी. लठ्ठपणा हा खरा आजार आहे आणि ही औषधं खरोखर काम करतात, म्हणून प्रश्न आणखी नाजूक होतो. जाहिरातीच्या कोपऱ्यात औषध कंपनीचं नाव आहे का ते पाहा. असेल, तर ती माहिती देणाऱ्याचा त्यात हिशेब आहे हे धरून चाला. आणि इन्स्टाग्रामवर कोणी सुई टोचून घेत ‘माझं वजन बघा’ म्हणत असेल, तर ती जाहिरात आहे की अनुभव हे ओळखायची सोय तुमच्याकडे नाही.

मी अमेरिकेत राहतो. जाहिरातीतल्या औषधाबद्दल डॉक्टरांना काय विचारू?

औषधाचं नाव घेण्याआधी त्रास सांगा. मग विचारा: मला काहीच औषध घेतलं नाही तर काय होईल? शंभर जणांनी हे घेतलं तर किती जणांना फायदा होतो, किती जणांना त्रास? हे बाजारात येऊन किती वर्षं झाली? याच कामाची जुनी जेनेरिक गोळी आहे का? पाहुणे आलेल्या आईवडिलांची भारतातली औषधं चालू असतील, तर स्ट्रिपवरची मूळ रासायनिक नावं लिहून न्या, ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरांना कळणार नाहीत.

भारतात दुष्परिणाम किंवा फसवी जाहिरात कुठे कळवायची?

दुष्परिणामासाठी गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. फसव्या जाहिरातीसाठी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. जाहिरातीचं कात्रण किंवा स्क्रीनशॉट, तारीख आणि कुठे पाहिली ते जोडा. तारखेशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

टीव्हीवर वकिलाची जाहिरात आली: ‘हे औषध घेतलंय? तुम्हाला भरपाई मिळू शकते.’ औषध बंद करू का?

नाही, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अजिबात नाही. अमेरिकेत या जाहिरातीही जोरात चालतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी त्या पाहून आपणहून सोडल्यावर पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा जाहिरातींत ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका’ अशी सूचना असावी, असं म्हटलं आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिट्सच्या, नैराश्याच्या, स्टेरॉइडच्या आणि बीटा-ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या एकाएकी थांबवणं सगळ्यात धोक्याचं. शंका असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा, आणि उत्तर मिळेपर्यंत गोळी वेळेवर घेत राहा. गोळी घेतल्यावर रक्तस्राव, श्वास लागणं, चेहऱ्यावर सूज असं काही दिसत असेल, तर मात्र फोनची वाट पाहू नका, सरळ तातडीच्या विभागात जा.